रूझवेल्ट उपसिद्धांत

रूझवेल्ट उपसिद्धांत हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थियोडोर रूझवेल्ट यांनी ६ डिसेंबर १९०४ रोजी काँग्रेसला पाठवलेल्या वार्षिक संदेशात मांडलेले परराष्ट्र धोरणाचे सूत्र होय. पश्चिम गोलार्धातील एखादे राष्ट्र कर्जफेड करण्यास किंवा अंतर्गत सुव्यवस्था राखण्यास वारंवार असमर्थ ठरले, तर तेथे हस्तक्षेप करण्याचा अधिकार अमेरिकेला आहे, असा त्याचा आशय होता. १८२३ च्या मन्रो सिद्धांताचा तर्कसंगत विस्तार म्हणून हे सूत्र मांडले गेले, म्हणून त्यास भूमितीतील संज्ञेप्रमाणे उपसिद्धांत असे नाव पडले. प्रत्यक्षात मूळ सिद्धांत युरोपीय सत्तांना या गोलार्धात हस्तक्षेप करण्यास मनाई करणारा होता, तर उपसिद्धांत अमेरिकेला तोच हस्तक्षेप करण्याची मुभा देणारा होता. पुढील सुमारे तीन दशके कॅरिबियन समुद्र व मध्य अमेरिकेतील अमेरिकी धोरणाला याच सूत्राचा आधार होता.

पार्श्वभूमी

२ डिसेंबर १८२३ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात असे जाहीर केले की, अमेरिका खंडातील स्वतंत्र झालेले प्रदेश यापुढे युरोपीय सत्तांच्या वसाहतीकरणासाठी खुले नाहीत. या भूमिकेमागे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा मोठा वाटा होता. त्या वेळी अमेरिकेकडे ही घोषणा अमलात आणण्याइतके आरमार नव्हते. स्पेनच्या जुन्या वसाहतींशी मुक्त व्यापार करू इच्छिणाऱ्या ब्रिटनचे आरमार अटलांटिकवर होते, म्हणूनच ती घोषणा प्रदीर्घ काळ टिकली. १८३३ साली ब्रिटननेच फॉकलंड बेटांचा ताबा घेतला तेव्हा अमेरिकेने मन्रो सिद्धांताचा उच्चार केला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र पालटले. ब्रिटिश गयाना आणि व्हेनेझुएला यांच्यातील सीमावादात १८९५ साली परराष्ट्रमंत्री रिचर्ड ओल्नी यांनी ब्रिटनला पाठवलेल्या खलित्यात, अमेरिका या खंडावर व्यवहारतः सार्वभौम आहे असा दावा केला. ब्रिटनने अखेर लवाद मान्य केला. १८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव झाल्यावर पोर्तो रिको, ग्वाम व फिलिपिन्स अमेरिकेकडे आले आणि क्युबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात गेला. क्युबाला १९०२ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, परंतु त्याआधी अमेरिकी काँग्रेसने १९०१ साली संमत केलेली प्लॅट दुरुस्ती क्युबाच्या राज्यघटनेत जोडावी लागली. तीनुसार क्युबात हस्तक्षेप करण्याचा हक्क अमेरिकेने राखून ठेवला आणि नाविक तळांसाठी जमीनही मिळवली. ग्वांतानामो तळ हे त्याचेच फळ. उपसिद्धांत १९०४ मध्ये शब्दबद्ध झाला असला तरी त्याचा नमुना क्युबाच्या बाबतीत तीन वर्षे आधीच तयार झाला होता, असे म्हणावे लागते.

व्हेनेझुएलाची नाकेबंदी

उपसिद्धांताचे तात्कालिक कारण कर्जवसुली हे होते. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष सिप्रियानो कास्त्रो यांनी परकीय कर्जाची फेड आणि यादवी युद्धात परकीय नागरिकांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई नाकारली. त्यावर डिसेंबर १९०२ मध्ये ब्रिटन व जर्मनी यांनी व्हेनेझुएलाच्या बंदरांची नाकेबंदी केली, तीत इटलीही सामील झाला. व्हेनेझुएलाच्या लहानशा आरमारातील नौका पकडण्यात आल्या, काही बुडवण्यात आल्या आणि पुएर्तो काबेयो येथील किल्ल्यांवर तोफा डागण्यात आल्या. जानेवारी १९०३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी सान कार्लोस किल्ल्यावर मारा केला.

वॉशिंग्टनने सुरुवातीला या कारवाईस हरकत घेतली नव्हती. गैरवर्तन करणाऱ्या राष्ट्राला शिक्षा होऊ नये यासाठी मन्रो सिद्धांत नाही, मात्र ती शिक्षा भूप्रदेश बळकावण्याच्या स्वरूपाची नसावी, असे रूझवेल्ट यांनी १९०१ च्या संदेशातच म्हटले होते. परंतु तोफमाऱ्याच्या बातम्यांनी अमेरिकी जनमत बिथरले. त्याच हिवाळ्यात ॲडमिरल जॉर्ज ड्युई यांच्या अधिपत्याखाली अमेरिकी आरमाराचा मोठा ताफा पोर्तो रिकोजवळील कुलेब्रा बेटापाशी सरावासाठी जमला होता. आपण जर्मनीला गुप्तपणे निर्वाणीचा इशारा दिला आणि म्हणून ती लवादास तयार झाली, असे रूझवेल्ट यांनी पुढे १९१६ मध्ये एका पत्रात लिहिले. अशा इशाऱ्याची थेट नोंद राजनैतिक दप्तरांत सापडत नाही, त्यामुळे इतिहासकारांत याबाबत मतभेद आहेत. ताफ्याची उपस्थिती मात्र निर्विवाद आहे, आणि बर्लिनला ती ठाऊक होती.

१३ फेब्रुवारी १९०३ रोजी वॉशिंग्टन येथे समझोता झाला. ला ग्वायरा व पुएर्तो काबेयो या बंदरांच्या जकातीपैकी ३० टक्के रक्कम धनको राष्ट्रांसाठी राखून ठेवण्याचे ठरले. या रकमेवर नाकेबंदी करणाऱ्या राष्ट्रांचा पहिला हक्क आहे, की शांतपणे वाट पाहणाऱ्या इतर धनकोंनाही समान वाटा मिळावा, हा प्रश्न हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाकडे गेला. २२ फेब्रुवारी १९०४ रोजी न्यायालयाने नाकेबंदी करणाऱ्या तिन्ही राष्ट्रांना अग्रहक्क दिला. या निवाड्याचा व्यावहारिक अर्थ सरळ होता: ज्याने युद्धनौका पाठवल्या त्याचे पैसे आधी वसूल होणार. शांततेच्या पुरस्कारासाठी स्थापन झालेल्या न्यायालयाने बळाच्या वापराला असे बक्षीस द्यावे, हा विरोधाभास त्या काळीही अनेकांना खटकला. कॅरिबियनमधील आणखी एक कर्जबाजारी देश, डोमिनिकन प्रजासत्ताक, याच मार्गाने चालला होता, त्यामुळे वॉशिंग्टनची चिंता वाढली.

पनामा

दरम्यान पनामाच्या प्रश्नाने या प्रदेशाचे लष्करी महत्त्व कितीतरी पटीने वाढले. कालव्यासाठी कोलंबियाशी केलेला करार कोलंबियाच्या सिनेटने ऑगस्ट १९०३ मध्ये फेटाळला. ३ नोव्हेंबर रोजी पनामाने कोलंबियापासून स्वातंत्र्य जाहीर केले. आदल्याच दिवशी ‘नॅशव्हिल’ ही अमेरिकी युद्धनौका कोलोन बंदरात येऊन थांबली होती, आणि कोलंबियाच्या सैन्याला बंड मोडता आले नाही. ६ नोव्हेंबरला अमेरिकेने नव्या राष्ट्रास मान्यता दिली आणि १८ नोव्हेंबरला कालव्याचा करार केला. पनामाच्या वतीने त्यावर फिलीप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच अभियंत्याने सही केली, पनामाचे शिष्टमंडळ त्या वेळी वाटेत होते. करारानुसार दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेकडे गेला. १९२१ मध्ये मंजूर झालेल्या करारान्वये अमेरिकेने कोलंबियाला २ कोटी ५० लाख डॉलर दिले. कालवा अमेरिकी आरमाराच्या दोन महासागरांतील ताफ्यांना जोडणारा दुवा होणार होता, म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गांवर, म्हणजे क्युबा, हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक यांच्या किनाऱ्यांवर, कोणत्याही युरोपीय सत्तेचा तळ असू नये, हा यापुढे वॉशिंग्टनच्या हिशेबातील पहिला मुद्दा ठरला.

उपसिद्धांताची मांडणी

या विचाराची पहिली जाहीर वाच्यता रूझवेल्ट यांच्या नव्हे, तर एलिहू रूट यांच्या मुखातून झाली. क्युबाच्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्धापनदिनी, २० मे १९०४ रोजी, न्यूयॉर्कमधील भोजनसमारंभात रूट यांनी रूझवेल्ट यांचे पत्र वाचून दाखवले. वृत्तपत्रांनी त्यावर टीका केली, तरी डिसेंबरच्या संदेशात तोच आशय जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा आला.

संदेशाचा युक्तिवाद थोडक्यात असा होता. अमेरिकेला शेजाऱ्यांची जमीन नको आहे, शेजारी स्थिर, सुव्यवस्थित व संपन्न असावेत एवढीच तिची इच्छा आहे. जे राष्ट्र आपल्या जबाबदाऱ्या सचोटीने पार पाडते त्याला अमेरिकेपासून भय नाही. परंतु सततचे गैरवर्तन किंवा सुसंस्कृत समाजाचे बंध सैल करणारी दुर्बलता यांमुळे अखेर एखाद्या सुसंस्कृत राष्ट्राला हस्तक्षेप करणे भाग पडते, आणि पश्चिम गोलार्धात मन्रो सिद्धांताशी बांधील असलेल्या अमेरिकेला, इच्छा नसली तरी, आंतरराष्ट्रीय पोलिसाचे काम करावे लागू शकते.

यातील ‘सुसंस्कृत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोणते राष्ट्र सुसंस्कृत आणि कोणाचे वर्तन गैर, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, याविषयी संदेशात काहीही नाही. तो अधिकार वॉशिंग्टनकडेच आहे असे गृहीत धरले होते. तत्कालीन वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचा ठसा या शब्दयोजनेवर स्पष्ट दिसतो.

रूझवेल्ट यांची कार्यपद्धती ‘बडग्याचे धोरण’ म्हणूनही ओळखली जाते. बोलणे सौम्य ठेवावे आणि हाती मोठा सोटा बाळगावा, ही पश्चिम आफ्रिकी म्हण आहे असे सांगून ते ती वापरत. २ सप्टेंबर १९०१ रोजी मिनेसोटा राज्याच्या जत्रेतील भाषणात, उपराष्ट्राध्यक्ष असताना, त्यांनी ती जाहीरपणे उद्धृत केली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांची हत्या होऊन ते त्या पदावर आले. १९०४ मधील विल्यम ॲलन रॉजर्स यांच्या प्रसिद्ध व्यंगचित्रात सोटा खांद्यावर घेतलेले रूझवेल्ट कॅरिबियन समुद्रातून चालत आपल्यामागे युद्धनौका ओढत नेताना दाखवले आहेत. व्यंगचित्रकारांनी सोटा लक्षात ठेवला आणि म्हणीचा पहिला अर्धा भाग मागे पडला. रूझवेल्ट स्वतः मात्र दोन्ही भागांना सारखेच महत्त्व देत. प्रतिपक्षाची अप्रतिष्ठा होऊ न देता त्याला माघारीची वाट ठेवावी, अंमलात आणता येणार नाही अशी धमकी देऊ नये, आणि धमकी न देताही ती दिसेल एवढे आरमार असावे, ही त्यांची रीत होती. १९०७ ते १९०९ या काळात अमेरिकेच्या सोळा युद्धनौकांनी केलेली पृथ्वीप्रदक्षिणा हे तिचे सर्वांत ठळक प्रदर्शन. रशिया-जपान युद्धातील मध्यस्थीसाठी १९०६ चे नोबेल शांतता पारितोषिकही त्यांनाच मिळाले.

डोमिनिकन प्रजासत्ताक: जकातीवर ताबा

उपसिद्धांताची पहिली व सर्वांत बोधप्रद अंमलबजावणी डोमिनिकन प्रजासत्ताकात झाली. हुकूमशहा उलिसेस युरो यांनी युरोपात कर्जरोखे विकून देशावर प्रचंड बोजा चढवला होता. १८९९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर एकामागून एक बंडे झाली. देशाचे जवळजवळ सारे उत्पन्न बंदरांवरील जकातीतून येत असे, त्यामुळे बंडखोराचे पहिले लक्ष्य राजधानी नव्हे तर एखादे बंदर असे. जकात हाती आली की शस्त्रे घेता येत व सैन्य पोसता येई. तीच जकात निरनिराळ्या धनकोंकडे गहाणही होती. धनकोंत न्यूयॉर्कची सँटो डोमिंगो इम्प्रूव्हमेंट कंपनी प्रमुख होती. तिच्या बाजूने झालेल्या लवादाच्या निवाड्यानुसार ऑक्टोबर १९०४ मध्ये पुएर्तो प्लाता बंदराची जकात अमेरिकी प्रतिनिधीच्या ताब्यात गेली. आपल्याकडे गहाण असलेले उत्पन्न दुसऱ्याकडे गेलेले पाहून युरोपीय धनको अस्वस्थ झाले. म्हणजे ज्या युरोपीय हस्तक्षेपाचे भय दाखवून उपसिद्धांत मांडला गेला, ते भय वाढवण्यात एका अमेरिकी कंपनीच्या दाव्याचाही हात होता.

हा देश खालसा करण्याची रूझवेल्ट यांची इच्छा नव्हती. पोट भरलेल्या अजगराला साळिंदर उलट्या बाजूने गिळण्याची जितकी हौस असेल तितकीच आपल्याला हे बेट घेण्याची आहे, अशा आशयाचे वाक्य त्यांनी १९०४ मध्ये एका पत्रात लिहिले होते. काढलेला मार्ग वेगळा होता. अध्यक्ष कार्लोस मोरालेस यांच्या सरकारशी १९०५ च्या आरंभी करार झाला. सर्व बंदरांची जकात अमेरिकेने नेमलेले अधिकारी गोळा करणार, किमान ४५ टक्के रक्कम डोमिनिकन सरकारला खर्चासाठी मिळणार आणि उरलेली धनकोंसाठी ठेवली जाणार. वाटाघाटी चालू असताना अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यालगत होत्या, आणि वाटाघाटी करणाऱ्यांत नौदलाचे कमांडर अल्बर्ट डिलिंगहॅम हेही होते.

अमेरिकी सिनेटने करारास मंजुरी दिली नाही. राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकारात दुसऱ्या देशाच्या तिजोरीची जबाबदारी घेऊ शकतात काय, हा आक्षेप गंभीर होता. रूझवेल्ट यांनी तो ‘तात्पुरत्या व्यवस्थे’च्या नावाखाली ओलांडला आणि १ एप्रिल १९०५ पासून मंजुरीविनाच योजना सुरू केली. जकातीचा प्रमुख म्हणून नेमलेले जॉर्ज कोल्टन यांनी याआधी फिलिपिन्समध्ये जकात खात्यात काम केले होते. सिनेटला वगळून कार्यकारी करार करण्याच्या अमेरिकी प्रथेला या प्रसंगाने मोठे बळ दिले.

आर्थिक निकाल तत्काळ दिसला. जकातीचे उत्पन्न वाढले, आणि बंदर जिंकून काहीच हाती लागत नसल्याने बंडखोरीचा एक मोठा लाभ संपला. अर्थतज्ज्ञ जेकब हॉलंडर यांनी तीन कोटींहून अधिक डॉलरचे दावे तपासून, धनकोंशी घासाघीस करून, ते सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरवर आणले. फुगवलेल्या दाव्यांची ही छाननी हा या सबंध प्रकरणातील खरोखर उपयुक्त भाग होता. त्यानंतर २ कोटी डॉलरचे नवे कर्ज उभारण्यात आले आणि १९०७ मध्ये सिनेटने सुधारित करारास मंजुरी दिली. त्याच सुमारास लंडनच्या बाजारात मध्य अमेरिका व कॅरिबियनमधील देशांच्या कर्जरोख्यांचे भाव वधारले. क्रिस मिचनर व मार्क वायडनमायर या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही वाढ उपसिद्धांताशी जोडली आहे. कर्ज बुडणार नाही याची हमी आता अमेरिकी आरमार देत आहे, असे रोखेधारकांनी मानले.

यशाची दुसरी बाजू नौदलाच्या आदेशांत दिसते. सप्टेंबर १९०५ मध्ये रूझवेल्ट यांनी नौदलमंत्र्यांना कळवले की, जकातीची व्यवस्था सिनेटपुढे असेपर्यंत बेटावर कोणतीही क्रांती होऊ देऊ नये. म्हणजे जकात गोळा करणारे मूठभर नागरी अधिकारी समुद्रातल्या तोफांच्या आधारानेच काम करत होते.

पुढचा धागा १९०७ च्या करारातील तिसऱ्या कलमात होता. कर्ज पूर्ण फिटेपर्यंत डोमिनिकन सरकारने अमेरिकेच्या संमतीशिवाय सार्वजनिक कर्ज वाढवू नये, असे ते कलम सांगत होते. अध्यक्ष रामोन कासेरेस यांची १९११ मध्ये हत्या झाल्यावर पुन्हा यादवी माजली, आणि तिच्या खर्चापायी सरकारवर नव्याने कर्ज चढले. वॉशिंग्टनने हा कलमभंग मानला. मे १९१६ मध्ये अमेरिकी मरीन सैनिक उतरले. डोमिनिकन काँग्रेसने फ्रान्सिस्को एन्रिकेस इ कार्वाहाल या वैद्यक व विधिज्ञाला अध्यक्ष निवडले. अर्थखात्यावर अमेरिकी सल्लागार आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाताखालचे सशस्त्र दल या अटी त्यांनी मान्य केल्या नाहीत. तेव्हा अमेरिकी जकात अधिकाऱ्यांनी सरकारच्या हक्काची रक्कम देणे थांबवले. अकरा वर्षांपूर्वी देशाला कर्जातून सोडवण्यासाठी उभारलेली यंत्रणा आता त्याच देशाच्या सरकारची कोंडी करण्यासाठी वापरली गेली. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, तरी एन्रिकेस नमले नाहीत. २९ नोव्हेंबर १९१६ रोजी कॅप्टन हॅरी नॅप यांनी १९०७ च्या कराराचा आधार देत लष्करी सरकार जाहीर केले. ते १९२४ पर्यंत टिकले. जकातीवरील अमेरिकी देखरेख मात्र १९४० चा करार होईपर्यंत संपली नाही. लष्करी राजवटीने उभारलेल्या सशस्त्र दलातून राफाएल त्रुहियो पुढे आले आणि १९३० पासून १९६१ मध्ये हत्या होईपर्यंत त्यांनी देशावर हुकूमशाही गाजवली.

लॅटिन अमेरिकेचा प्रतिवाद

अमेरिकी इतिहासग्रंथांत बराच काळ दुर्लक्षित राहिलेला भाग म्हणजे लॅटिन अमेरिकी राष्ट्रांनी दिलेले कायदेशीर उत्तर. आर्जेन्टिनाचे विधिज्ञ कार्लोस काल्वो यांनी एकोणिसाव्या शतकातच असे मांडले होते की, परकीय नागरिकाला स्थानिक नागरिकापेक्षा अधिक संरक्षण मागता येत नाही, त्याने आपली दाद स्थानिक न्यायालयातच मागावी. व्हेनेझुएलाच्या नाकेबंदीनंतर आर्जेन्टिनाचे परराष्ट्रमंत्री लुईस मारिया द्रागो यांनी २९ डिसेंबर १९०२ च्या खलित्यात वॉशिंग्टनला सुचवले की, सार्वजनिक कर्जाच्या वसुलीसाठी सशस्त्र हस्तक्षेप करता येणार नाही, हे अमेरिका खंडाचे समान तत्त्व म्हणून मान्य व्हावे. सरकारला कर्ज देणारा सावकार जोखीम ओळखूनच व्याज आकारतो, तेव्हा ती जोखीम तोफांनी भरून काढणे न्याय्य नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. द्रागो यांनी आपले तत्त्व मन्रो सिद्धांताच्या भाषेतच मांडले होते. त्याच सिद्धांतातून दोन वर्षांनी रूझवेल्ट यांनी नेमका उलट निष्कर्ष काढला: युरोपने वसुलीस येऊ नये, हे दोघांनाही मान्य होते, परंतु द्रागो यांच्या मते कोणीच येऊ नये, तर रूझवेल्ट यांच्या मते अमेरिकेने जावे.

१९०५ पासून परराष्ट्रमंत्री असलेल्या रूट यांनी हा रोष ओळखला. १९०६ मध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेचा दौरा केला आणि रिओ दी जानेरो येथील परिषदेत सर्व राष्ट्रांच्या समानतेची ग्वाही दिली. १९०७ च्या हेग परिषदेत लॅटिन अमेरिकी राष्ट्रे मोठ्या संख्येने सहभागी झाली. तेथे करारजन्य कर्जाच्या वसुलीसाठी बळाचा वापर न करण्याचा ठराव संमत झाला, पण ऋणको राष्ट्राने लवाद नाकारल्यास किंवा निवाडा न पाळल्यास बळ वापरता येईल, अशी पुस्ती अमेरिकी प्रतिनिधी होरेस पोर्टर यांच्या प्रस्तावानुसार त्यास जोडली गेली. द्रागो यांच्या तत्त्वातील गाभाच त्यामुळे निघून गेला, असे अनेक लॅटिन अमेरिकी विधिज्ञांचे मत पडले. साहित्यातही या धोरणाचे पडसाद उमटले. निकाराग्वाचे कवी रुबेन दारियो यांची रूझवेल्ट यांना उद्देशून लिहिलेली कविता याच काळातील आहे.

मध्य अमेरिकी न्यायालयाची कहाणी अधिक बोलकी आहे. १९०७ मध्ये वॉशिंग्टनमध्येच भरलेल्या परिषदेत, अमेरिकेच्या प्रोत्साहनाने, मध्य अमेरिकेतील पाच राष्ट्रांनी आपसांतील तंटे सोडवण्यासाठी हे न्यायालय स्थापले. १९१४ मध्ये अमेरिकेने ३० लाख डॉलर देऊन निकाराग्वाकडून कालव्याचे हक्क आणि फोन्सेका आखातात नाविक तळ उभारण्याचा अधिकार मिळवला. आपल्या हक्कांवर गदा आल्याची तक्रार कोस्टा रिका व एल साल्वादोर यांनी न्यायालयात केली, आणि १९१६ व १९१७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागले. निकाराग्वाने ते मानले नाहीत, अमेरिकेनेही त्यांची दखल घेतली नाही. १९१८ मध्ये न्यायालय बंद पडले.

टाफ्ट आणि विल्सन यांचा काळ

रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत क्युबातही १९०६ ते १९०९ असा दुसऱ्यांदा अमेरिकी अंमल आला, तोही अध्यक्ष एस्त्रादा पाल्मा यांनीच बोलावल्यावरून. त्यांचे उत्तराधिकारी विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांनी बंदुकीच्या गोळ्यांऐवजी डॉलर वापरण्याचे धोरण जाहीर केले. न्यूयॉर्कच्या बँकांनी युरोपीय कर्जे फेडून टाकावीत आणि जकातीवर अमेरिकी देखरेख असावी, ही डोमिनिकन योजनेचीच पुनरावृत्ती होती. निकाराग्वात मात्र डॉलरपाठोपाठ गोळ्याही आल्या. १९१२ मध्ये उतरलेले मरीन सैनिक, मधला अल्प काळ वगळता, १९३३ पर्यंत तेथे राहिले.

वुड्रो विल्सन हे राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जातात, परंतु कॅरिबियनमधील सर्वांत प्रदीर्घ लष्करी ताबे त्यांच्याच काळात सुरू झाले. हैतीत डिसेंबर १९१४ मध्ये ‘मचायस’ या नौकेवरील मरीन सैनिकांनी राष्ट्रीय बँकेतील सुमारे ५ लाख डॉलरचे सोने न्यूयॉर्कला हलवले. जुलै १९१५ मध्ये अध्यक्ष गियोम साम जमावाच्या हातून मारले गेल्यावर मरीन सैनिक राजधानीत उतरले आणि १९३४ पर्यंत तेथे राहिले. या काळात रस्ते व रुग्णालये बांधली गेली. रस्त्यांसाठी शेतकऱ्यांना वेठबिगारीस जुंपण्यात आले, आणि त्यातून उसळलेल्या बंडाचे नेते शार्लमान्य पेराल्त यांना १९१९ मध्ये ठार करण्यात आले. परकीयांना जमीनमालकीस मनाई करणारी जुनी तरतूद १९१८ च्या राज्यघटनेतून वगळण्यात आली. गुलामगिरीविरुद्धच्या क्रांतीतून जन्मलेल्या राष्ट्राने शतकभर जपलेली ती तरतूद होती.

या मोहिमांत भाग घेतलेले मरीन दलाचे जनरल स्मेडली बटलर यांनी निवृत्तीनंतर आपण बड्या उद्योगांचे व बँकांचे हस्तक म्हणून काम केले, अशी जाहीर टीका केली. दोनदा सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडची ही टीका असल्यामुळे तिला वजन आले.

माघार

पहिल्या महायुद्धानंतर युरोपीय सत्ता कर्जवसुलीसाठी कॅरिबियनमध्ये येण्याची शक्यता उरली नाही, आणि उपसिद्धांताचे मूळ कारणच नाहीसे झाले. निकाराग्वात आउगुस्तो सेसार सांदिनो यांनी १९२७ पासून चालवलेल्या गनिमी लढ्याने हस्तक्षेपाची किंमत अमेरिकी जनतेपुढे आणली. १९२८ च्या हवाना परिषदेत हस्तक्षेपबंदीचा ठराव चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी कसाबसा टाळला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला परराष्ट्र खात्यातील अधिकारी जे. रूबेन क्लार्क यांनी टिपण सादर केले: मन्रो सिद्धांत हा अमेरिका व युरोप यांच्या संबंधांविषयी आहे, अमेरिका व लॅटिन अमेरिका यांच्या संबंधांविषयी नाही, म्हणून उपसिद्धांताला त्याचा आधार मिळत नाही. १९३० मध्ये ते प्रसिद्ध झाले. मात्र स्वसंरक्षणाच्या नावाने हस्तक्षेप करण्याचा हक्क क्लार्क यांनी नाकारला नव्हता, हे अनेकदा विसरले जाते.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘चांगल्या शेजाऱ्या’च्या धोरणानुसार डिसेंबर १९३३ मध्ये माँतेव्हिदेओ परिषदेत अमेरिकेने, काही राखीव मुद्द्यांसह, हस्तक्षेपबंदीचे तत्त्व स्वीकारले. १९३४ मध्ये प्लॅट दुरुस्ती बहुतांशी रद्द झाली आणि हैतीतून सैन्य परतले. ग्वांतानामो तळ तेवढा राहिला.

नंतरचे पडसाद

शीतयुद्धात युरोपीय सावकारांची जागा साम्यवादाच्या भीतीने घेतली. १९५४ मध्ये ग्वातेमालातील हाकोबो आर्बेन्स यांचे निर्वाचित सरकार अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या मदतीने उलथवण्यात आले. एप्रिल १९६५ मध्ये अमेरिकी सैन्य पुन्हा सांतो दोमिंगोत उतरले, १९८३ मध्ये ग्रेनाडात आणि १९८९ मध्ये पनामात. यांपैकी कोणत्याही प्रसंगी उपसिद्धांताचा अधिकृत आधार घेतला गेला नाही. नागरिकांचे संरक्षण, प्रादेशिक संघटनेची विनंती, अमली पदार्थांचा व्यापार अशी कारणे देण्यात आली.

इतिहासकारांत मतभेद आहेत ते मुख्यतः हेतूविषयी. एका गटाच्या मते रूझवेल्ट यांना जर्मनीचे खरोखर भय होते आणि त्यांनी किमान बळ वापरून मोठा संघर्ष टाळला. डोमिनिकन प्रकरणात त्यांनी भूप्रदेश घेतला नाही, हा या गटाचा बळकट मुद्दा आहे. एमिली रोझेनबर्ग यांच्यासारखे अभ्यासक आर्थिक देखरेखीकडेच साम्राज्यसत्तेचा एक प्रकार म्हणून पाहतात. १९०५ चा जकात करार आणि १९१६ ची लष्करी राजवट यांचा एकत्र विचार केल्यास दुसऱ्या गटाचे म्हणणे अधिक पटते, कारण लष्करी सरकारच्या घोषणेचा कायदेशीर आधार रूझवेल्ट यांनीच केलेल्या १९०७ च्या करारात होता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेसमोर मन्रो सिद्धांताचे युग संपल्याचे जाहीर केले. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी मायामी येथे क्युबा, व्हेनेझुएला व निकाराग्वा यांच्यावरील निर्बंधांची घोषणा करताना तो सिद्धांत जिवंत असल्याचे सांगितले.